वर्धेकाठची तपकिरी रेघ

जुन्या रंगीत नकाशात छपाई आणि रंग एकाच वयाचे असतीलच असे नाही. नद्या, डोंगर आणि गावे तांब्याच्या पत्र्यावर एकदा कोरली की तोच पत्रा वर्षानुवर्षे छपाईला चाले. राज्यांच्या सीमा मात्र प्रत्येक प्रतीवर कुंचल्याने रंगवत, त्यामुळे राज्य बदलले तरी नुसता रंग बदलून भागे. कागद-संवर्धन करणाऱ्याला हे ठाऊक असते, तरी नागपुरातल्या एका कुटुंबाने आणलेला नकाशा माझ्या मनातून जात नाही.

त्यावर १८४८ हे साल कोरलेले होते, म्हणजे तिसरे रघुजी भोसले गादीवर असतानाचे. तांबडी सीमा मात्र नागपूर आणि वऱ्हाड दोन्हींना मिळून वेढत होती. निजामाने वऱ्हाड कंपनीच्या कारभाराखाली दिले ते मे १८५३ मध्ये. त्याच डिसेंबरात रघुजी वारले आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झाले, तेव्हा तांबडा रंग त्यानंतरचाच. वर्धा नदीलगत एक मळकट तपकिरी पट्टा होता. तो डाग धुऊन द्यावा, एवढीच मालकांची विनंती होती. एका फ्रेमवाल्याने त्यांना ब्लीच सुचवले होते. असल्या सल्ल्यांनी किती जुने कागद भुगा झाले असतील, याचा विचार करवत नाही.

पाठीचा मांजरपाट मी पाणी न लावता, पात्याने तसूतसूने सोडवला, आणि तीच रेघ मागे ठसठशीत दिसली. ती वर्धेपाशी न थांबता भोसल्यांच्या सबंध राज्याभोवती फिरत होती. जंगालाचा, म्हणजे तांब्याच्या गंजापासून केलेला, हिरवा रंग काळाने तपकिरी पडतो आणि कागद जाळत पाठीपर्यंत उतरतो. पुढच्या बाजूला बाकीची हिरवी सीमा तांबड्याखाली झाकली गेली होती. वर्धेची सीमा, १८०३ च्या देवगावच्या तहाने ठरलेली, आता मुलखाच्या आत पडल्यामुळे तिच्यावर कोणी रंग चढवला नाही, म्हणून तेवढीच उघडी राहिली.

टीपकागदावर ओल्या थेंबाची चाचणी घेतली, तर तांबडा लगेच उतरला. शिवाय पाण्याने तांब्याचे क्षार आजूबाजूच्या कागदात पसरतात. न धुतल्यास आम्लाने पिवळा पडलेला हा कागद लवकर जाईल, धुतल्यास दुसऱ्या रंगाची साक्ष जाईल. मी धुतला नाही. वर्धेच्या रेघेवरच कागद तडकत होता, तिथे जपानी कागदाच्या बारीक पट्ट्या जिलेटिनने लावल्या आणि पाठ उघडी ठेवली. मालकांना मात्र पुन्हा कापडच हवे आहे. ते लावले तर नकाशा टिकाऊ होईल आणि पाठीवरची भोसल्यांची सीमा परत झाकली जाईल. त्यांना काय सांगावे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.