सातव्या आठवड्याचा फोन

माझ्या टेबलावर एक जाडजूड डायरी असते. रोजच्या पानावर दोन-चार नावं, पुढे फोन नंबर आणि शेवटी एक आकडा: 1, 2, 4, 7 किंवा 11. हे आठवडे. त्यानंतर चौथा, सहावा, बारावा आणि अठरावा महिना. जीव द्यायला निघालेला माणूस वाचून घरी गेला की आम्ही त्याला असे नऊ वेळा गाठतो. फोन नाहीच लागला तर घरी जातो. कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात मी समाजसेविका आहे, आणि दिवसभराच्या कामातलं हे काम मी कधीच उद्यावर टाकत नाही.

त्या मंगळवारी पानावर चार नावं होती. तिघांशी बोलणं झालं. चौथ्याचा फोन बंद. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेनं 39 फुटांची इशारा पातळी ओलांडली होती, 43 फुटांची धोका पातळी जवळ येत होती, आणि त्याचं गाव करवीर तालुक्यात अगदी नदीकाठाला. रस्ता सकाळीच बंद झालेला. बारा वाजता, तीन वाजता, पाच वाजता नंबर लावला. बंदच.

तिशीतला ऊसकरी तो. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) आयसीयूतून वॉर्डात आणला तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. उशाशी बायको. हातातल्या स्टीलच्या डब्याचं झाकण उघडायची, पुन्हा लावायची, जेव म्हणायचं धाडस होत नव्हतं तिला. डिस्चार्जच्या दिवशी तासभर मी दोघांसोबत बसले. त्याला पहिली भीती पोलिसांची होती. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 115 मी सोप्या शब्दांत सांगितलं: असा माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच कायदा धरून चालतो, त्याला शिक्षा करत नाही आणि त्याच्या उपचाराची जबाबदारी सरकारवर टाकतो. तेव्हा कुठे त्यानं मान वळवली. मग हेही सांगितलं की तो विचार पुन्हा येईल. लाटेसारखा चढेल आणि ओसरेलही, पण चढलेला असताना एकटं राहायचं नाही. फवारणीचं सगळं सामान त्याच दिवशी चुलत्यांच्या घरी कुलपात ठेवायचं ठरलं. 14416 हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर दोघांच्याही फोनमध्ये मीच घालून दिला.

पूर्वी मी जिथं नोकरी करत होते तिथं यातलं काही नव्हतं. सलाईन निघालं, एमएलसीचे, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसचे कागद झाले, 'पाच दिवसांनी दाखवायला या' म्हटलं की संपलं. एक मुलगी महिन्याच्या आत पुन्हा त्याच खाटेवर आलेली मी पाहिली. ती बचावली. पण मधल्या दिवसांत आपल्यातल्या एकानंही तिला 'कशी आहेस' एवढं विचारलं नाही, हे माझ्या मनातून आजही जात नाही.

हे नऊ फोन आमच्या डोक्यातून निघालेले नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांत 1,867 जणांचे दोन गट करून हे तपासून पाहिलं, त्यातलं एक ठिकाण आपलं चेन्नई होतं. निकाल 2008 साली छापून आला: नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटात अठरा महिन्यांत 2.2 टक्के माणसं आत्महत्येनं गेली, असा नऊ वेळा संपर्क ठेवलेल्या गटात 0.2 टक्के. त्याच्याही कितीतरी आधी सॅन फ्रान्सिस्कोत जेरोम मोटो नावाचे मानसोपचारतज्ज्ञ पुढचे उपचार नाकारलेल्या पेशंटना दोन-चार ओळींची पत्रं पाठवायचे. कसे आहात, बरे असाल अशी आशा आहे, बस. मागणी काही नाही, उपदेश नाही. सगळं बळ त्या 'मागणी नाही'मध्येच असावं असं मला वाटतं. आमच्या लोकांना फोनवर सल्ला द्यायची फार घाई असते. नव्या मुलींना मी एवढंच सांगते, दोन मिनिटं बोला, पण तारीख चुकवू नका.

रात्री साडेनऊला अनोळखी नंबरवरून फोन आला.

"ताई, आज तुमचा फोन यायचा होता न्हवं? लाईट न्हाई सकाळपासनं, माझा बंद पडलाय. हा भावाचा हाय."

"मी तीनदा लावला. जेवलात का?"

"न्हाई अजून." मग बराच वेळ नुसता पावसाचा आवाज. "ऊस बुडाला, ताई. पोंग्यात गाळ गेला म्हंजे गेलाच तो. सोसायटीचं कर्ज तसंच हाय."

मी थेट विचारलं, "मरायचा विचार परत येतोय?"

असं विचारलं तर तो विचार डोक्यात घातल्यासारखं होतं, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही. कुणीतरी विचारण्याचीच माणूस वाट बघत असतो.

"व्हय. दुपारपासनं."

कुठे बसलाय, जवळ कोण आहे, सामान अजून चुलत्यांकडेच आहे ना, एकेक विचारत गेले. सामान कुलपात होतं. तो माळावरच्या शाळेत होता, जित्राबं व्हरांड्यात बांधलेली. भावाला फोन द्यायला सांगितलं आणि आज रात्री याला नजरेआड करू नका म्हणाले. मानसोपचाराच्या डॉक्टरांना लगेच कळवलं, ते दहाला त्याच नंबरवर त्याच्याशी बोलले. साडेअकराला मी पुन्हा लावला. भावानं हळू आवाजात सांगितलं, "झोपलाय. मी जागा हाय."

सकाळी सातला फोन बायकोनं उचलला. मागं म्हैस ओरडत होती. "वैरण आणाय गेल्यात दोघं," ती म्हणाली. "भाकरी खाल्ली रात्री उठून."

डायरीत अकराव्या आठवड्याचं पान काढलं. त्याच्या नंबरखाली भावाचा नंबर लिहिला.