माणसांची रोमानियन नावं आणि आमचा मराठी रकाना

आमच्या हर्णै-दापोली पट्ट्यात एखाद्या वाडीत जहाजावर गेलेला एकही माणूस नाही असं सहसा होत नाही. माझा धाकटा भाऊपण मर्चंट नेव्हीत आहे, डेकवर एबी म्हणून, म्हंजे अनुभवी खलाशी. यावेळच्या जहाजावर कॅप्टन, चीफ इंजिनिअर आणि बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) असे तिघंही रोमानियाचे, काळ्या समुद्रावरच्या कॉन्स्तान्त्सा बंदराकडचे. त्या गावात नेव्हल अकॅडमी आहे, शिवाय वेगळी मरीटाइम युनिव्हर्सिटीपण आहे, त्यामुळे तिकडची पोरं आपल्याकडच्या पोरांसारखीच पिढ्यानपिढ्या जहाजावर जातात. भावाने मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक कागद पाठवला, कुणीतरी क्रूसाठी बनवलेला, डाव्या बाजूला इंग्रजी शब्द उजव्या बाजूला रोमानियन, मॅन, वुमन, चाइल्ड, अंकल, कझिन वगैरे, आणि म्हणाला ताई तुला भाषांची आवड आहे तर बघ जरा, माझ्या डोक्यात काही राहत नाही.

मी बघितलं आणि पहिल्याच दिवशी ठरवलं की याला मराठीचा तिसरा रकाना पाहिजे. माझं ठाम मत आहे की आपल्या पोरांनी रोमानियन शिकताना इंग्रजीला मध्ये घेऊच नये, कारण माणसांच्या बाबतीत इंग्रजी फार कंजूष आहे आणि मराठी आणि रोमानियन दोघी सढळ आहेत. कागदावर 'यू'समोर तीन शब्द दिलेले, तू, दुम्नेआता, दुम्नेआवोआस्त्र, आणि कुठला कधी वापरायचा याचा पत्ता नाही. मराठी माणसाला हे समजवायला एक मिनिट लागतं! त्यांचं तू म्हंजे आपलं तूच, उच्चार तोच, अर्थ तोच आणि मूळही तेच. दुम्नेआवोआस्त्र म्हंजे आदराचं तुम्ही, साहेबाला, अनोळखी माणसाला, वडीलधाऱ्याला. आणि दुम्नेआता त्या दोघांच्या मधलं, जुन्या वळणाचं, जास्त करून वयस्कर माणसं आणि खेड्यातली माणसं वापरतात.

मॅनसमोर दोन शब्द होते, ओम आणि बरबात. ओम म्हंजे माणूस, लॅटिन होमोवरून आलेला, आणि त्याचं अनेकवचन एकदम वेगळंच होतं, ओआमेनी. बरबात म्हंजे पुरुष, तो लॅटिनमधल्या दाढीवाल्या या अर्थाच्या शब्दावरून आला. बाईला फेमेये, हा तर लॅटिनमधल्या फॅमिलियावरून, म्हंजे कुटुंब, आणि आपल्याकडे जुनी माणसं बायकोला काय म्हणायची, "आमचं कुटुंब"! इंग्रजीत मॅन म्हटलं की माणूस का पुरुष ते मागचं पुढचं बघून ठरवायचं, आपल्याकडे माणूस वेगळा पुरुष वेगळा, त्यांच्याकडेही तसंच. आणि माणूसवरून जशी माणुसकी तशी ओमवरून ओमेनिये. एखादा खरंच चांगला असेल तर 'ओम दे ओमेनिये' म्हणतात, माणुसकीचा माणूस. अजून एक मला फारच आवडलं, पर्सोआन म्हंजे व्यक्ती, आणि तो शब्द स्त्रीलिंगी, मग ती व्यक्ती सहा फुटी बरबात का असेना. आपणही "ती व्यक्ती"च म्हणतो की.

आता घरातली माणसं, इथे खरी मजा आहे. मागे गणपतीत भावाचा व्हिडिओ कॉल आला, नेटवर्क मिळालं म्हणून सगळ्या क्रूला मोदक दाखवायला लावले मला, तेवढ्यात चीफ इंजिनिअर मागून आले, मोबाईलवर एका तान्ह्या बाळाचा फोटो, कॅमेऱ्यासमोर धरून सारखं सांगतायत नेफ्यू, माय नेफ्यू, डोळ्यात नुसता आनंद. भावाने विचारलं भावाचा का बहिणीचा, तर म्हणाले नाही नाही, माय डॉटर्स बेबी. आई शेजारी बसलेली ती म्हणाली अरे मग नातू सांग ना सरळ! रोमानियनमध्ये नेपोत हा एकच शब्द नातवालाही आहे आणि पुतण्या-भाच्यालाही, नात-पुतणी-भाची तिघींना मिळून नेपोआत, म्हणून रोमानियन माणूस इंग्रजी बोलताना नातवाला हमखास नेफ्यू म्हणतो. आणि आईने जो नातू म्हटला ना तो नेपोतचा सख्खा नातेवाईक. संस्कृत नप्तृवरून नातू, लॅटिन नेपोसवरून नेपोत, आणि इंग्रजीतला नेफ्यूपण त्याच घरातला. पेपरात नेपोटिझम म्हणून येतो तोही इथलाच.

हे एकच उदाहरण असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. सून घ्या. संस्कृतात स्नुषा, त्याची मराठीत सून झाली. लॅटिनमध्ये सुरुवातीचा स गळून नुरुस झालं आणि रोमानियनमध्ये नोर. सासरा म्हंजे श्वशुर, तिकडे सोक्रु, सासू म्हंजे सोआक्र. विधवेला वदुव, इंग्रजीत विडो. भावाला फ्राते, आपला भ्राता आठवा. कलकत्त्यात १७८६ साली तिथले इंग्रज न्यायाधीश आणि संस्कृतचे अभ्यासक विल्यम जोन्स यांनी जे सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, ते मी शाळेत वाचलं होतं पण ते हर्णैच्या घरात, सासू-सुनेच्या नावात असं समोर आल्यावर अंगावर काटा आला माझ्या. बरं इंग्रजीने इथे काय केलं तर मदर-इन-लॉ, डॉटर-इन-लॉ, म्हंजे कायद्याने आई, कायद्याने मुलगी. स्वतंत्र शब्दच ठेवले नाहीत. डॉटर मात्र त्यांनी राखली, ती संस्कृत दुहितृची बहीण, आणि खाली गोव्याकडे कोंकणीत मुलीला धूव म्हणतात तीही तीच. रोमानियनमध्ये ती नाही, तिकडे मुलीला फीइक.

मामचा अर्थ आई आणि तातचा अर्थ बाबा हे ऐकून माझी भाची फार खूश झाली, कारण तिचा मामा आहे जहाजावर आणि आजोबांना सगळे तात्या म्हणतात.

नुसत्या लॅटिनचंही काम नाही हे. प्रीएतेन म्हंजे मित्र, नेवास्त म्हंजे बायको, हे शेजारच्या स्लाव लोकांकडून आलेले. आणि तुर्कांकडून काय आलं बघा, दुश्मान म्हंजे दुश्मन, हमाल म्हंजे हमालच, आणि मुसाफिर! पण मुसाफिरचा अर्थ तिकडे प्रवासी नाही, घरी आलेला पाहुणा. तिथल्या वालाकिया आणि मोल्दोवा या संस्थानांनी शेकडो वर्षं ऑटोमन सुलतानाला खंडणी भरली, थेट १८७७ मध्ये स्वातंत्र्य जाहीर करेपर्यंत, आणि आपल्याकडे बहामनी, आदिलशाहीपासून फारसी दरबारात होती, त्यामुळे अरबी-फारसी शब्द एका बाजूने दाभोळ बंदरात उतरले आणि दुसऱ्या बाजूने डॅन्यूब नदीच्या काठाला लागले. दाभोळचा हमाल आणि कॉन्स्तान्त्साचा हमाल एकाच हाकेला ओ देतील.

हाकेवरून आठवलं, कागदात सगळ्यात मोठी उणीव हीच होती. शब्द दिले पण हाक कशी मारायची ते नाही. इंग्रजीत बॉय म्हटलं काय आणि हाक मारली काय, शब्द तोच. मराठीत मुलगा आहे पण हाक मारताना मुला, मुलं आहेत पण हाक मारताना मुलांनो, आणि रोमानियनमध्ये हुबेहूब तसंच, बयातला हाक बयेते, बयेत्स म्हंजे मुलगे तर मुलांनो म्हणायचं झालं की बयेत्सिलोर, फेते म्हंजे पोरी तर पोरींनो म्हंजे फेतेलोर. लॅटिनपासून निघालेल्या बाकीच्या मोठ्या भाषांनी, फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश वगैरे, हे संबोधन सोडून दिलं, हिनेच जपलंय. आठवीत विभक्ती पाठ करताना संबोधन ही आठवी विभक्ती कशाला असं ज्यांना वाटलं असेल त्यांनी जहाजावर जाऊन बघावं.

उच्चारांचं पण सांगते कारण पोरं तिथे उगाच घाबरतात. रोमानियन लिपी लॅटिनच आहे, १८६० च्या आसपासपर्यंत ते सिरिलिक लिहायचे मग बदलली, पण काही अक्षरांना खाली-वर खुणा आहेत. टी खाली खूण असेल तर चमच्यातला च, एस खाली खूण असेल तर श, ए वर वाटीसारखी खूण असेल तर आपला साधा अ. सी पुढे ई आला की चिमणीतला च. इंग्रज माणसाला हे जड जातं, आपल्याला दोन्ही च लहानपणापासून येतात. फक्त शेवटचा अ खाऊ नका, नोर म्हणताना र पूर्ण म्हणायचा, आणि ओआमेनीमधला शेवटचा ई ओठात म्हटल्यासारखा.

आता भावासाठी आणि त्याच्या जोडीदारांसाठी माझी पद्धत. सारंग म्हंजे बोसन, त्याला रोमानियन क्रूमध्ये नोस्त्रोम म्हणतात. भंडाऱ्याला, म्हंजे जहाजावरच्या स्वयंपाक्याला, बुकतार. खलाशाला मारिनार. वयाने मोठ्या, ओळखीच्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायची नाही, नावाआधी नेआ लावायचं, आपण दादा-काका लावतो तसं, आणि बाई असेल तर तांती. पण हे ओळख झाल्यावर, त्यांनी स्वतः मोकळीक दिल्यावर. पहिल्या दिवशी ब्रिजवर, म्हंजे जहाज जिथून चालवतात तिथे, गेलात की दोम्नुले कोमांदांत म्हणा, म्हंजे कप्तानसाहेब, आणि पुढच्या वाक्यात तू अजिबात नको, दुम्नेआवोआस्त्र. तोंडात बसेपर्यंत बंकमध्ये मोठ्याने दहा वेळा म्हणा, लांब शब्द आहे पण येतो.