143 ची सहा उत्तरं

नौपाड्यातल्या एका क्लासची दहावीची बीजगणिताची सराव परीक्षा. तीन गुणांच्या शाब्दिक उदाहरणासमोर नमुना उत्तरात एकच आकडा: 58. गठ्ठ्यातल्या चौथ्या पेपरात 94 होतं. फुली मारण्याआधी ताळा घेतला. 94 आणि 49, बेरीज 143. बरोबर!

प्रश्न असा: दोन अंकी संख्या आणि तिचे अंक उलटे करून मिळणारी संख्या यांची बेरीज 143, अंकांची बेरीज 13, तर संख्या कोणती? नेहमीच्या उदाहरणात दुसरी अट 'एकक स्थानचा अंक दशक स्थानच्या अंकापेक्षा 3 ने मोठा' अशी असते. पोरं ते पाठ करून येतात म्हणून पेपर काढणाऱ्यांनी ती बदलली. हेतू चांगला, पण छापायला देण्याआधी स्वतः एकदा सोडवून बघायला काय होतं?

दशक स्थानी क्ष, एकक स्थानी य. संख्या 10क्ष + य, उलटी 10य + क्ष. (नुसतं 'क्षय' लिहिणारे दरवर्षी निघतात, तो गुणाकार झाला.) बेरीज 11क्ष + 11य = 143, अकराने भागलं की क्ष + य = 13. म्हणजे दुसरी अट ही पहिलीच, वेश पालटून आलेली. आलेखावर दोन्ही रेषा एकमेकींवर बसतात. अंक 9 च्या पुढे जात नाही, म्हणून सहाच संख्या चालतात: 49, 58, 67, 76, 85, 94.

क्रेमरच्या पद्धतीवाल्यांची खरी पंचाईत झाली. या पद्धतीत समीकरणांतल्या आकड्यांवरून 'निश्चयक' नावाच्या संख्या काढायच्या आणि त्यांच्या भागाकाराने क्ष, य मिळवायचे. छेदातला निश्चयक 11 − 11 = 0, अंशातले दोन्हीही शून्य. एकाने 0/0 = 0 धरून '00' लिहिलं, दुसऱ्याने 0/0 = 1 धरून 11. 11 + 11 म्हणजे 22, एवढा ताळाही नाही!

एका मुलीने लोप पद्धतीने, म्हणजे एक अक्षर घालवायला, एका समीकरणातून दुसरं वजा केलं, 0 = 0 आलं. आपलंच चुकलं समजून तिने ते खोडलं आणि खाली 58 लिहिलं. खोडलेलं तपासायचं नाही हा नियम. मी त्या खोडलेल्या ओळीलाच तीन गुण दिले, रीत न दाखवता नुसतं 58 लिहिणाऱ्यांना एक. स्टाफरूममध्ये वाद अजून चालू आहे, कारण पाठांतरवाल्यांचे पालक नमुना उत्तर दाखवतात आणि कागदावर त्यांचं बरोबरच आहे.

फेरपरीक्षेसाठी जुनी अट परत आली, पण कच्च्या प्रतीत 'अंकांतील फरक 3' असं होतं. तसंच छापलं असतं तर 58 आणि 85 दोन्ही आली असती. 'एकक स्थानचा अंक मोठा' हे शब्द हाताने घातले.