व्हर्जिनिया मुरवताना

२०१५ च्या डिसेंबरात माझा मेहुणा लंडनहून पुण्याला आला, तेव्हा त्याच्या बॅगेत माझ्यासाठी पाइपच्या तंबाखूचे दोन डबे होते. त्या वेळच्या नियमानुसार प्रवाशाला १२५ ग्रॅमपर्यंत तंबाखू विनाशुल्क आणता येत असे आणि डबा होता ५० ग्रॅमचा, त्यामुळे दर खेपेला दोन डबे यायचे आणि अर्ध्या डब्याची हळहळ उरायची. हे डबे इंग्लंडमधील केंडल गावातील सॅम्युअल गॅविथ या १७९२ पासून चालत आलेल्या कारखान्याच्या फुल व्हर्जिनिया फ्लेकचे होते. व्हर्जिनिया ही तंबाखूची एक जात. पाने दाबून ठोकळा करायचा आणि त्याच्या पातळ पट्ट्या कापायच्या, अशी ही तंबाखू असते. गडद तपकिरी, किंचित चिकट आणि दिसायला थेट आंबापोळीसारखी.

मी पाइप ओढतो तो आठवड्यातून एकदा, रविवारी संध्याकाळी. एका वेळेस अडीच-तीन ग्रॅम तंबाखू लागते, म्हणजे एक डबा चार महिने पुरायला हवा. पण उघडलेला डबा पुण्याच्या एप्रिलात चार आठवडेही तग धरत नाही. वाळलेली तंबाखू भराभर आणि तापून जळते, जीभ चरचरते आणि गोडवा नावालाही उरत नाही. तंबाखू मुरवायची वगैरे कल्पना तेव्हा माझ्या डोक्यात नव्हती, मला ती फक्त टिकवायची होती.

घरात टिकवण्याच्या पदार्थाला चिनी मातीची बरणी हेच उत्तर असते. मी आईची लोणच्याची एक जुनी बरणी घेतली, घासून उन्हात वाळवली, तंबाखू भरली आणि तोंडावर दादरा बांधला. लोणच्याला वर तेलाचा थर असतो म्हणून दादरा चालतो, एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. मे महिन्यात पट्ट्या पापडासारख्या मोडू लागल्या. मग कोणीतरी सांगितल्यावरून मी आत सफरचंदाची एक फोड ठेवली आणि ती ठेवल्याचे साफ विसरलो. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दादरा सोडला तेव्हा बरणीतून बंद राहिलेल्या तळघरासारखा वास आला. फोडीवर हिरवी आणि पट्ट्यांवर पांढरी, कापसासारखी बुरशी होती. वरची तंबाखू काढून खालची वाचवावी असा मोह झाला, पण बुरशीचे धागे डोळ्यांना दिसतात त्यापेक्षा बरेच खोल गेलेले असतात. सगळी तंबाखू टाकून दिली.

माझे एक मामा निपाणीला तंबाखूच्या वखारीवर आयुष्यभर काम करत होते. त्यांचा माल विडीचा, पाइपशी त्यांचा संबंध नाही. तरी पुढच्या खेपेचा डबा मी त्यांच्यासमोर उघडला. त्यांनी थोडी तंबाखू मोकळी करून मुठीत दाबली, मूठ उघडली आणि तळहाताकडे बघत राहिले. "सावकाश उलगडली पायजे," ते म्हणाले. "गोळा ऱ्हायला तर ओली हाय, कुरकुरली तर गेली." ही तंबाखू गोळाच राहिली. केंडलचा माल डब्यात बराच ओलसर येतो, आणि इतकी ओली तंबाखू तशीच बंद करून ठेवली असती, तर बुरशीचा दुसरा प्रयोग पाहायला मिळाला असता. पट्ट्या कागदावर पसरून मी तासाभराने मूठ दाबून पाहत गेलो. तिसऱ्या तासाला ती मामांच्या म्हणण्याप्रमाणे उलगडली. पाइप ओढणारे जाणकार साधारण १२ ते १५ टक्के ओलावा योग्य मानतात. माझ्याकडे तो मोजण्याचे साधन नाही आणि मामांच्या मुठीनंतर मला त्याची गरजही वाटलेली नाही.

बरणीचा प्रश्न सुटायला मात्र आणखी एक वर्ष गेले. अमेरिकेत या कामासाठी जॉन लँडिस मेसन याने १८५८ मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीच्या, म्हणजे गळ्यावर आटे असलेल्या काचेच्या बरण्या वापरतात. त्यांच्या आजच्या झाकणाचे दोन भाग असतात: कडेला लवचीक थर असलेली पत्र्याची चकती आणि तिला वरून आवळणारे कडे. तशा बरण्या इथे मिळाल्या, पण महाग पडल्या, म्हणून काही बरण्या रबराची रिंग आणि तारेची क्लिप असलेल्या घेतल्या. पैसे वाचवण्याच्या नादात घरातलीच एक क्लिपची बरणीही घेतली. ती पूर्वी गोड्या मसाल्याची होती. काच चार वेळा धुऊन उकळून घेतली, परंतु रबराची रिंग तीच ठेवली. रबर वास सोडत नाही हे सहा महिन्यांनी कळले, जेव्हा उत्तम व्हर्जिनियाला दगडफुलाचा आणि भाजलेल्या खोबऱ्याचा वास येऊ लागला. पत्नीने ती हुंगली आणि ही भरल्या वांग्यात घालावी का, असे शांतपणे विचारले.

त्यानंतर ठरलेला क्रम असा आहे. बरणी आणि झाकण साबणाने धुऊन, उकळत्या पाण्यातून काढून, पालथे घालून पूर्ण दिवस वाळू द्यायचे. आत पाण्याचा एक थेंबही राहता कामा नये, हा लोणच्याचा नियम इथे तंतोतंत लागू आहे. अर्ध्या लिटरच्या बरणीत सुमारे १०० ग्रॅम तंबाखू बसते. ती फार ठासायची नाही, कारण बंद झाल्यावर आतल्या थोड्याशा हवेचीही सुरुवातीच्या बदलांना गरज असते, आणि याच कारणाने हवा ओढून काढणारी यंत्रे मी वापरत नाही. चिठ्ठीवर तंबाखूचे नाव, डब्यावरची तारीख असल्यास ती, भरल्याची तारीख आणि बरणीसकट एकूण वजन लिहायचे. वजनाची युक्ती माझी मला सुचली आणि तिच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच झाला नाही. झाकण नीट बसले आहे का हे पाहण्यासाठी ते उघडावे लागत नाही. वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि दसऱ्याच्या सुमारास, बरणी स्वयंपाकघरातील काट्यावर ठेवली की पुरते. २०१८ च्या मे महिन्यात क्लिपची एक बरणी ४ ग्रॅमने हलकी निघाली. रिंग कडक होऊन तिला बारीक चीर गेली होती. तंबाखू वेळीच दुसऱ्या बरणीत हलवली आणि पुढे क्लिपच्या बरण्या बंदच केल्या.

उष्णतेचा बंदोबस्त एवढा सोपा नव्हता. थंड देशांतील लोक तळघरात बरण्या ठेवून निश्चिंत होतात. आमच्या घराच्या माळ्यावर एप्रिलच्या दुपारी ३७ अंश तापमान असते, पण उत्तरेच्या खोलीतील फडताळाच्या सर्वांत खालच्या खणात ते ३० च्या वर जात नाही, हे तापमापक महिनाभर हलवत हलवत मी पाहिले. बरण्या त्या खणात, जुन्या चादरीत गुंडाळलेल्या असतात, कारण उजेडाने पानाचा रंग आणि वास दोन्ही उतरतात. खणाला आता कुलूप आहे. माझ्या नातीने एकदा बरणी बघून "आबा, आंबापोळी?" असे विचारले होते आणि निकोटीन लहान मुलाच्या पोटात गेले तर ते विषच असते. मोठ्यांनाही ते मानवते असे नाही. मुरलेली तंबाखू ताज्या तंबाखूपेक्षा कमी घातक असते, असा गैरसमज मी करून घेतलेला नाही.

कोणती तंबाखू मुरते, हे मात्र बरण्यांनीच शिकवले. व्हर्जिनियाची पाने भट्टीच्या उष्णतेने वाळवतात. आपल्याकडे आंध्र आणि कर्नाटकात होणारी सिगारेटची व्हर्जिनियाही अशीच वाळते. या पद्धतीत पानातील स्टार्चची साखर होते आणि ती पानातच राहते. बरणीतील पुढचा सगळा खेळ मुख्यतः त्या साखरेचा असतो. बर्ली ही दुसरी जात सावलीत हवेवर वाळवतात, तिच्यात साखर फारशी उरत नाही, म्हणून ती टिकते पण फार बदलत नाही. धुरावर वाळवलेल्या लाटाकिया नावाच्या तंबाखूचे मिश्रण मी चार वर्षे ठेवले, तेव्हा तिचा तो चुलीजवळच्या लाकडासारखा वास बराच मवाळ झाला होता. काहींना हे आवडते, मला मात्र ज्यासाठी ती घेतली तेच निघून गेल्यासारखे वाटले. व्हॅनिला-चेरीचा सुगंध फवारलेल्या मिश्रणांवर बरणी वाया घालवू नये, असे माझे मत झाले आहे. त्यांत ओलावा धरून ठेवणारे द्रव्य घातलेले असते, त्यामुळे ती वर्षानुवर्षे ओलसर राहतात आणि होती तशीच निघतात.

२०१७ मध्ये भरलेली व्हर्जिनियाची बरणी मी २०२३ च्या दिवाळीत उघडली. कडे सहज फिरले, पण चकती चिकटून बसली होती आणि चमच्याच्या टोकाने उचकटल्यावर बारीक फुस्स असा आवाज झाला. प्रथम आंबट वास आला, आंबवलेल्या पिठासारखा, आणि मन धास्तावले. पट्ट्या जवळजवळ काळ्या पडल्या होत्या आणि त्यांवर पांढरे बारीक कण चमकत होते. पुन्हा बुरशी, असे वाटून मी बरणी खिडकीत नेली आणि भिंग लावले. बुरशी लोकरीसारखी, धाग्यांची दिसते. हे कण खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे टोकदार होते आणि पट्टीवर कोमट पाण्याचा थेंब टाकताच विरघळले. आंबट वास अर्ध्या तासात निवला आणि त्याखालून मनुका व काकवी यांच्या मधला एक वास वर आला, जो ताज्या डब्यात कधीच नव्हता.

त्या रविवारी मी दोन पाइप भरले, एक ताज्या डब्यातील तंबाखूचा आणि एक बरणीतील. ताजीत गवताचा हिरवट तिखटपणा होता आणि घाईने ओढले की जीभ चरचरत होती. बरणीतल्या तंबाखूत ती धार जवळजवळ गेली होती आणि चव शेवटच्या राखेपर्यंत गोल राहिली. फरक कल्पनेतला आहे का हे तपासावे म्हणून पुढच्या आठवड्यात पत्नीला कोणता पाइप कशाने भरला हे न सांगता भरायला सांगितले, आणि तरीही पहिल्या तीन झुरक्यांत ओळखता आले. उघडलेल्या बरणीत मात्र नवी हवा शिरते आणि मुरण्याची संथ गती मोडते, म्हणून ती चार महिन्यांत संपवली.

आता खालच्या खणात तीन बरण्या उरल्या आहेत. सर्वांत जुनी २०१८ ची आहे. परवा दसऱ्याला ती काट्यावर ठेवली; चिठ्ठीवर ४८७ ग्रॅम लिहिले होते आणि काटाही ४८७ च दाखवत होता. चादरीत गुंडाळून पुन्हा आत ठेवली.