फायटोवरच्या एका वाक्यासाठी

डिसेंबरात छाटणी धरली तेव्हापासून आमच्या पॉलीहाऊसमधला प्रत्येक दिवस १४ फेब्रुवारीच्या हिशोबाने चालला होता. मावळातला आमचा गुलाब आजवर व्यापाऱ्याच्या नावाने परदेशी जायचा. यंदा पहिल्यांदा स्वतःच्या नावाने नेदरलँड्सला पाठवला. परवाने, आयातदार, विमानात जागा, सगळं जमलं. अडकलो ते फायटोवर, आणि त्याचा राग अजून मनातून गेलेला नाही.

फायटो म्हणजे फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, मालावर कीड-रोग नाही असं सरकारने लिहून दिलेला कागद. तो सकाळी मिळाला आणि स्कॅन करून आयातदाराला पाठवला. विमान उतरण्याआधी त्याला ट्रेसेस या युरोपच्या प्रणालीत नोंद करावी लागते. अर्ध्या तासात त्याचा फोन आला, "पांढऱ्या माशीचं वाक्य कुठे आहे?"

युरोपबाहेरून येणाऱ्या गुलाबाच्या फुलांसाठी 'बेमिसिया टॅबासी', म्हणजे आपली पांढरी माशी, हिच्याबद्दल वेगळी अट आहे. एकतर देश त्या माशीपासून मुक्त हवा, नाहीतर निर्यातीच्या अगदी आधी सरकारी तपासणी होऊन माल माशीमुक्त आढळलेला हवा. आपल्याकडे ही माशी आहे, म्हणून आपल्याला दुसरा पर्याय. आणि १४ डिसेंबर २०१९ पासून लागू झालेल्या वनस्पती आरोग्य नियमानुसार, असे पर्याय असतील तिथे आपण कोणता पाळला, ते त्या अटीच्या पूर्ण शब्दांत 'अतिरिक्त घोषणा' या रकान्यात लिहावं लागतं. आमच्या कागदावर तो रकाना कोरा होता.

धावत कार्यालयात गेले. खिडकीवरचे म्हणाले, "ताई, आमच्याकडून असेच जातात, कुणाची तक्रार नाही." मी आयातदाराने पाठवलेला नियमाचा उतारा दाखवला. मग सांगितलं, साहेब मीटिंगमध्ये आहेत. साहेब आले ते दोन वाजून गेल्यावर. हाताने वाक्य घालता येणार नाही, जुना कागद रद्द करून नवा अर्ज करा, म्हणाले. ते समजण्यासारखं होतं, खाडाखोड केलेला कागद तिकडे अडकू शकतो. पण मग सकाळीच रकाना का तपासला नाही? अर्ज केला, तर पुन्हा तपासणी हवी. माल तोवर विमानतळावरच्या शीतगृहात. दिरांना फोन केला तर ते म्हणाले, "वहिनी, खोकी आता बाहेर काढली तर फुलं तापतील." तरी काढावीच लागली. अधिकारी आले, बंच पांढऱ्या कागदावर झटकले, पानांच्या खालच्या बाजू भिंगाने पाहिल्या. एक माशी निघाली नाही. निघणारच नव्हती. महिनाभर पिवळे चिकट सापळे मी स्वतः मोजत होते आणि पॅकिंगआधी देठाची खालची पानं काढून टाकली होती. माल सकाळीही स्वच्छ होता, संध्याकाळीही. मधल्या वेळात फक्त एक वाक्य वाढलं आणि रात्रीचं विमान निघून गेलं.

कार्यालयातल्या बाकावर बसून मला रडू येत होतं. हंगामात एकेक दिवस मोलाचा असतो, आणि तो आमच्या चुकीने गेला नव्हता.

माल दुसऱ्या रात्री गेला. तिकडची तपासणी विनातक्रार झाली. आयातदाराने बादल्यांत उभ्या केलेल्या फुलांचा फोटो पाठवला. कळ्या अजून मिटलेल्याच होत्या. तो फोटो मी घरात सगळ्यांना दाखवला.

तुम्ही पाठवणार असाल तर अर्जाबरोबरच घोषणेचा इंग्रजी मजकूर टाइप करून द्या आणि फायटो हातात आलं की खिडकीसमोरच उभं राहून वाचा. रोसा हे शास्त्रीय नाव, खोक्यांची संख्या, सगळं इनव्हॉइसशी जुळवा. माल निघण्याआधीच्या १४ दिवसांतलंच फायटो चालतं, म्हणून फार लवकर काढून ठेवू नका. गुलाबाच्या जातीची रॉयल्टी, म्हणजे ती जात तयार करणाऱ्याला द्यायची रक्कम, भरल्याची कागदपत्रं सोबत ठेवा, आमच्याकडे ती मागितली होती. आणि हो, लाकडी पॅलेट असेल तर त्यावर उष्णता प्रक्रियेचा शिक्का आहे का ते पाहा. त्या शिक्क्यासाठी लाकूड आतपर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं लागतं. आमचं पॅलेट बिनशिक्क्याचं निघालं होतं, दिरांनी आदल्या रात्रीच बदललं.