गेजवरचे शून्य

विमानाच्या चाकांची दुरुस्ती होते त्या विभागात मी नागपुरात बरीच वर्षे काम करीत आहे. श्रावणातल्या एका दुपारचा प्रसंग इथे सविस्तर लिहून ठेवावासा वाटतो, कारण त्या दिवशी चूक करणारा मुलगा ना आळशी होता ना बेफिकीर. आमच्या विभागातला तो सर्वांत मेहनती मुलगा होता. त्याच्या वडिलांचे वाडीला ट्रकच्या टायरचे दुकान असल्यामुळे लहानपणापासून टायर हाताळत तो मोठा झाला होता. टायरमधली हवा संपली की नाही, हे तो कानाने ओळखत असे.

त्या दिवशी आमच्याकडे मुख्य चाकाचा एक झिजलेला टायर बदलण्यासाठी आला. चाक विमानावरून उतरवण्यापूर्वीच, म्हणजे आसावरचे नट सैल करण्याआधी, टायरमधला दाब काढून टाकणे अपेक्षित असते. चाकाचा एखादा बोल्ट आतून तुटलेला असेल, तर नट निघताक्षणी अख्खे चाक फुटून अंगावर येऊ शकते, हे त्याचे कारण. आमच्याकडे आलेल्या चाकात मात्र पूर्ण दाब होता. उतरवणाऱ्यांनी ती पायरी गाळली होती, आणि आम्हीही चाक ताब्यात घेताना त्यांना जाब विचारला नाही.

गाडीच्या टायरमध्ये साधारण ३० ते ३५ पीएसआय (दर चौरस इंचावर तितके पौंड) दाब असतो. मध्यम आकाराच्या प्रवासी विमानाच्या मुख्य चाकात तो २०० पीएसआयच्या आसपास असतो, म्हणजे दर चौरस इंचावर सुमारे ९० किलो. चार इंच लांब आणि चार इंच रुंद एवढ्याशा जागेवर जवळजवळ दीड टन भार येतो. शिवाय विमानाचे चाक अखंड नसते. त्याचे दोन अर्धे भाग टाय बोल्टांनी एकत्र आवळलेले असतात आणि आतला वायू त्यांना सतत बाहेर ढकलत असतो. टायरमध्ये दाब असताना हे बोल्ट सैल केले, तर चाकाचा अर्धा भाग तोफगोळ्यासारखा सुटतो. नवा टायर भरताना आम्ही चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवतो ते याच भीतीने. रिकामे करायला आणलेले चाक मात्र बाहेर मोकळ्यावरच असते, आणि धोका नेमका तिथे गाफील गाठतो.

मुलाने व्हॉल्व्हवर दाब सोडण्याचे साधन बसवले. टायरमध्ये भरलेला नायट्रोजन वायू सुसाट बाहेर पडू लागला. काही मिनिटांनी आवाज बारीक होत गेला आणि थांबला. त्याने साधन काढून गेज लावले, काटा शून्यावर असल्याचे पाहिले आणि साधन पुन्हा जागच्या जागी बसवले. मग हवेवर चालणारा पाना घेऊन त्याने पहिला टाय बोल्ट सैल केला. तो दुसऱ्या बोल्टाकडे वळत असताना मी पलीकडच्या टेबलावरून सहज तिकडे पाहिले. व्हॉल्व्हच्या देठावर पांढरा थर जमला होता. बाहेर पावसाळी दमट हवा, अंगाला शर्ट चिकटलेला, आणि तिथे त्या बोटभर पितळी नळीवर फ्रिजमध्ये जमते तसे हिव जमले होते.

मी ओरडलोच. तो दचकून मागे सरला आणि म्हणाला, "काऊन थांबवलं सर? खाली झाला न टायर. गेज पण झिरो दाखवते."

दाबाखालचा वायू अरुंद वाटेने झपाट्याने प्रसरण पावत बाहेर पडतो, तेव्हा तो अतिशय थंड होतो. टायर बसवताना आत थोडा जरी ओलावा राहिलेला असला, तरी तो व्हॉल्व्हच्या गाभ्यात, म्हणजे वायू अडवून धरणाऱ्या आतल्या छोट्या भागात, गोठतो आणि वाट बुजते. मग आवाज थांबतो. गेजही त्याच वाटेने दाब मोजत असल्यामुळे तेही शून्यच दाखवते. म्हणजे कान आणि गेज या दोन साक्षी वेगळ्या नव्हत्याच, दोन्ही एकाच बंद दारातून बोलत होत्या. ट्रकच्या टायरवर तयार झालेला त्याचा कान खोटा नव्हता, पण इथे तो पुरेसा नव्हता.

सर्वांना मी चाकाच्या बाजूंपासून दूर नेले. चाकाच्या कडांसमोर, जिथे दोन भाग सुटून येऊ शकतात, तिथे उभे राहायचे नाही. तापलेल्या चाकाकडेसुद्धा समोरून किंवा मागून जायचे, बाजूने कधीही नाही. आम्ही वाट पाहत थांबलो. त्या वेळात मी त्याला ३१ मार्च १९८६ रोजी मेक्सिकोत कोसळलेल्या बोईंग ७२७ ची हकीकत सांगितली. नायट्रोजनऐवजी साधी हवा भरलेला एक टायर ब्रेकच्या उष्णतेने तापून उड्डाणानंतर फुटला आणि विमानातले सर्व १६७ जण गेले. तो काही बोलला नाही. त्याची नजर व्हॉल्व्हवरून हलत नव्हती.

वीसेक मिनिटांनी, कोणी हात लावला नसताना, चाक पुन्हा फुसफुसू लागले. आधी अगदी बारीक, मग स्पष्ट. तो आवाज बराच वेळ चालला. तेवढा वेळ आमच्यापैकी कोणीच काही बोलले नाही.

आवाज दुसऱ्यांदा थांबल्यावरही आम्ही व्हॉल्व्ह हाताला कोमट लागेपर्यंत थांबलो आणि मगच गाभा काढला. मुलाने सोडलेला पहिला बोल्ट दाबाखाली सैल झाला होता, म्हणजे त्याचा भार शेजारच्या बोल्टांवर गेला असणार. म्हणून सगळेच बोल्ट चुंबकीय कण तपासणीला आणि चाकाचे दोन्ही भाग भेगांच्या तपासणीला पाठवले. नोंदवहीत त्या चाकासमोर मुलाने स्वतःच्या अक्षरात तीन वेळांची नोंद केली: आवाज थांबल्याची, आवाज पुन्हा सुरू झाल्याची आणि गाभा काढल्याची. त्यानंतर आमच्या नोंदवहीत प्रत्येक चाकासाठी गाभा काढल्याच्या वेळेचा रकाना आखला जातो, आणि तो भरल्याशिवाय कोणी पाना उचलत नाही.