तेरचे बुल्ले : सहाव्या साच्यात अक्षरं उमटली

बुल्ला म्हणजे रोमन नाण्याचा छाप असलेलं मातीचं पदक. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला असे जुने बुल्ले मिळालेत, तसाच एक मी नाण्याच्या प्रतिकृतीवरून मातीचा साचा घेऊन घडवतोय. गेल्या आठवड्यात बुल्ला साच्यातून आपोआप सुटून तळहातावर पडला. भिंग न लावता रोमन सम्राट तिबेरियसच्या डोक्याभोवती ‘सीझर’ वाचता आलं आणि मागच्या बाजूला बसलेल्या त्याच्या आईच्या, लिव्हियाच्या, हातातली फांदीसुद्धा दिसली. पाच साचे वाया गेल्यावर हे पाहायला मिळालं, म्हणून लिहितोय.

अडचण तीच होती, माती साच्यात चिकटायची. तेल लावलं तर अक्षरं बुजायची आणि राख भुरभुरली तर चेहऱ्यावर खड्डे पडायचे. चूक मातीत नव्हती, साच्यात होती. मी वाळवलेला कच्चा साचाच वापरत होतो. या वेळी साचा आधी कुंभारकाकांच्या भट्टीत, आच कमी असते त्या कडेला भाजून घेतला. भाजलेला साचा ओल्या मातीतलं पाणी शोषतो, माती जराशी आकसते आणि स्वतःच सुटते. माती मात्र वस्त्रगाळच हवी, चाळणीवर भागत नाही.

नाण्याच्या प्रतिकृतीबद्दल एक सांगतो. ओतीव घेऊ नका. ऑनलाइन मागवलेल्या पहिल्या दिनारीची, म्हणजे रोमन चांदीच्या नाण्याची, अक्षरं झिजलेल्या साबणासारखी होती. ठशाने पाडलेली थोडी महाग पडते, पण तीच घ्या.

बुल्ल्याच्या पुढच्या आणि मागच्या बाजूचे दोन्ही अर्धे भाग जोडताना दोऱ्याचं भोक बुजायचं. आता सांध्यातच खराट्याची काडी ठेवतो. भाजताना ती जळून जाते आणि दोरा ओवायला गोल भोक उरतं. तेरला आणि तेलंगणातल्या कोंडापूरला मिळालेले बुल्ले असेच गळ्यात घालायचे असणार. भारतातल्या रोमन चांदीच्या साठ्यांत ऑगस्टस आणि तिबेरियस यांचीच नाणी जास्त सापडतात. इ.स. ६४ मध्ये नीरोने चांदी घटवली, त्याआधीची ही नाणी. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी-प्रवासाच्या पुस्तकातलं तगर म्हणजे आपलं तेर, पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं. तिथल्या कुणाच्या तरी हाती रोमचा चेहरा आला आणि त्याने तो मातीत उतरवला, हे मनातून जात नाही.

पुढे कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीकडे, तिथल्या उत्खननातल्या वस्तूंकडे, वळायचा बेत होता, पण आता थांबतो. मोजताना एक गोष्ट लक्षात आली. नाणं १८.५ मिमी, भाजलेला साचा १७, भाजलेला बुल्ला १५.६. प्रत्येक वेळी वाळून-भाजून साधारण ८ टक्के घट. म्हणजे बुल्ल्यावरून पुन्हा साचा घेतला, तर नवा बुल्ला १३.२ च्या आसपास यायला हवा. मातीगणिक घट बदलते हे खरं, पण एकाच ठिकाणच्या, एकाच मातीच्या बुल्ल्यांचे व्यास लावून पाहिले, तर कोणता थेट नाण्यावरून घेतला आणि कोणता नकलेची नक्कल, हे ओळखता येईल का?

त्याच बुल्ल्यावरून सातवा साचा दाबलाय. तो सध्या सावलीत वाळतोय. ज्यांच्याकडे प्रकाशित बुल्ल्यांची मापं असतील त्यांनी व्यास, जाडी आणि भोकाची जागा कळवा.